चित्रासाठी संदर्भ-फोटो : आधी, नंतर, की नकोच?

रेघाटी
नमस्कार मंडळी. मुलांच्या एका गोष्टीसाठी दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र करायचं आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं गाव, पोळ्याची दुपार, पाऊस नुकताच उघडलाय, सजवलेली बैलजोडी वेशीकडे निघालीये आणि दहा वर्षांची मुलगी कासरा धरून चालतेय. जलरंग, छापील आकार ४० × २५ सेंमी.

नेटवर शोधलं की शेकड्यांनी फोटो मिळतात. पण तासभर ते बघत बसलं की मनातलं चित्र विरून जातं आणि एखादा चांगला फोटोच कागदावर उतरायला लागतो. बघायचंच नाही म्हटलं तर बैलाचे पाय, शिंगांचा बाक, झुलीच्या घड्या, सगळंच मोघम होतं. तर जाणकारांना तीन प्रश्न. कल्पना आधी की संदर्भ आधी? एका फोटोतून किती घेतलं म्हणजे नक्कल होते? आणि चार फोटोंतून चार गोष्टी घेतल्या की चित्र कातरून चिकटवल्यासारखं का दिसतं?

शाईवाला
कल्पना आधी. पहिली वीस-पंचवीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत. ८ × ५ सेंमीच्या दहा-बारा चौकटी आखा (तुमच्या पानाचंच प्रमाण आहे ते) आणि मऊ पेन्सिलीनं फक्त तीन छटांत भरा: कोरा कागद, मधला करडा, गडद. बैल म्हणजे नुसता ठोकळा, मुलगी म्हणजे उभी काठी. इथे ठरवायचं एवढंच की नजर कुठून, सगळ्यात मोठा आकार कोणता आणि सगळ्यात उजळ जागा कुठे. दोन पानांचं चित्र आहे, तेव्हा मधली शिवण विसरू नका. मुलीचा चेहरा शिवणीत गेला तर चित्र गेलं. शिवणीच्या दोन्ही अंगांना निदान सेंमीभर महत्त्वाचं काही नको आणि चारी कडांना कापणीसाठी ३ मिमी जास्तीचं रंगवून ठेवा.

चौकट ठरली की मग प्रश्नांची यादी करा. "बैलाचा फोटो हवा" हा प्रश्न नव्हे. "समोरून तिरका चालणारा बैल असेल तर मागचा पाय पुढच्याआड किती झाकतो?", "ओलं कापड पाठीवर कुठे चिकटतं आणि कुठे सुटतं?", "कासरा धरणाऱ्या हाताची मूठ वर असते की खाली?" असे नेमके प्रश्न. एका प्रश्नाला दोन-तीन फोटो, सगळे मिळून पंधरा. उत्तर मिळालं की शोध बंद. प्युअररेफसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे एका फळ्यावर लावा आणि प्रत्येकाखाली तो कशासाठी घेतलाय ते लिहा. ज्या फोटोखाली काही लिहिता येत नाही तो काढून टाका. तोच पुढे नक्कल करायला लावतो.

पाटीपेन्सिल
शाईवाला, यादीचं पटलं. फोन दुसऱ्या खोलीत, हे नाही पटलं. काही न बघता मनातून जे येतं ते बहुतेक वेळा आधी शंभरदा पाहिलेलंच असतं. शाळेच्या वहीतले दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला नारळ. अकोल्याचं गाव काढायला बसलात आणि कागदावर नारळ आला तर तो कल्पनेतून आला म्हणून कौतुक करायचं का?

नवं सुचतं ते बघण्यातून. फक्त "पोळा" असं शोधून बघू नका, विषयाच्या बाहेरचं बघा. ओल्या काळ्या दगडाचा रंग बघा. दख्खनी लघुचित्रांतल्या मिरवणुकी बघा, त्यात हत्ती-घोडे-माणसं एकावर एक कशी रचलीत, कुणाची फक्त पगडी दिसते, कुणाचा फक्त पाय. त्यातून रचना सुचते आणि ती कुठल्याही फोटोत सापडत नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचंही तसंच आहे. झूम करून कापडाची किनार बघता येते.

ठिपका
+१. वाचनखूण साठवली.

मांडवीकाठ
या वादात आमच्या गोव्याचा गेंडा आणलाच पाहिजे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर यानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट पाठवला. त्यानं तो गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला धाडला. मे १५१५ मध्ये तो लिस्बनला पोचला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक रेखाटन एवढ्यावर त्यानं लाकडी ठसा केला. कातडीच्या जागी चिलखतासारखे पत्रे, खवल्यांचे पाय आणि मानेमागे एक जास्तीचं छोटं शिंग! पुढची अडीच-तीनशे वर्षं युरोपात गेंडा म्हटलं की हेच चित्र छापलं जायचं.

चित्र म्हणून ते अफाट आहे. प्राण्याचं वजन, जाडी, चिडकेपणा, सगळं आहे. म्हणून कल्पनेची बाजू मी सोडणार नाही. पण शेकडो चित्रकारांनी खऱ्या गेंड्याऐवजी ड्यूररवरूनच गेंडा काढला आणि ते जास्तीचं शिंगही इमानेइतबारे उतरवलं. संदर्भाचा खरा धोका मला इथे दिसतो. दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढलं की त्याच्या चुकाही खऱ्या म्हणून पुढे जातात. रेघाटी, फोटो बघा, जमलं तर खरा बैल बघा, पण इतरांनी काढलेले पोळ्याचे बैल काम संपेपर्यंत बघू नका.

डोंगरवाट
मूळ विषयाकडे येतो, कारण चूक फळ्यावरच्या पहिल्या फोटोपासून सुरू होईल. नेटवर पोळ्याचे जे देखणे बैल दिसतात ते बहुतेक खिल्लार. पांढरेशुभ्र किंवा करडे, उंच, लांब चेहरा, धनुष्यासारखी मागे जाणारी टोकदार शिंगं. ही सोलापूर, सांगली, साताऱ्याकडची जात. अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगी बैल असतो. मध्यम उंची, भारी बांधा, पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे फुटलेले ठिपके, शिंगं आखूड आणि जाड, खूर काळे आणि टणक. कातडी तेलकट, त्यामुळे पाणी अंगावर फारसं ठरत नाही. म्हणजे पाऊस उघडल्यावरचा डांगी चिंब गळणारा दाखवायचा नाही, त्याच्या अंगावर चमक दाखवायची.

लातूरकडची गोष्ट असती तर देवणी, कंधारकडची असती तर लाल कंधारी. अकोल्याच्या मुलांच्या हातात पुस्तक गेलं तर ती पहिल्यांदा बैलच बघणार.

उंचीचंही बघा. डांगीची पाठ दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्याच्या आसपास येईल. खिल्लारच्या फोटोवरून मोजमाप घेतलं तर मुलगी उगाच चिमुरडी दिसेल.

बांधावरची
डोंगरवाट, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात भर घालते. रेघाटी, तुमच्या फळ्यावर बैलगाडीचे, जू घातलेल्या जोडीचे फोटो असतील तर काढून टाका. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद चोळतात. म्हणून खांद्यावर हळदीचा पिवळा माग राहू द्या, जिथे रोज जू घासतं बरोबर तिथे, वशिंडाच्या पुढे.

आणि जू नाही म्हणजे दोन बैल बांधलेल्या अंतरावर, एका ओळीत चालणार नाहीत. एक अर्धं अंग पुढे, एकाची मान बाहेर वळलेली, असं सुटं चालणं दाखवता येईल. प्रत्येकाला वेगळा कासरा. एक मुलीकडे आणि दुसरा आणखी कुणाकडे तरी द्या. तिच्या एकटीच्या हातात दोन्ही बैल नकोत.

साज असा: शिंगांना हिंगूळ किंवा रंग, टोकांना पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, कवड्यांची माळ, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. वेसण नाकाच्या मधल्या पडद्यातून जाते आणि तिची दोन टोकं गालांवरून वर जाऊन शिंगांच्या मागे बांधलेली असतात. बाशिंग आणि वेसण एकमेकांवरून कुठे जातात ते नीट बघा, पुस्तकांतल्या चित्रांत ही दोरी बहुतेक वेळा बाशिंगाखाली शिरते आणि परत बाहेरच येत नाही.

सहजच
आमच्या सांगलीकडे पोळा नाही, बेंदूर. तोही आषाढात.

बांधावरची
हो, म्हणूनच तारीख आणि गाव दोन्ही बघून फोटो घ्यायचा. तुमच्याकडे रान नुकतंच पेरलेलं असतं, इकडे श्रावण अमावास्येला पिकं गुडघ्याच्या वर आलेली असतात. मागचं शेत चुकायला नको. बैल मात्र दोन्हीकडे पुरणपोळीचाच हट्ट धरतात!

तिरकी_नजर
तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. चार फोटो जोडलेलं चित्र फसतं त्याची कारणं तीन: क्षितिज, अंतर आणि उजेड.

क्षितिज. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर असते आणि ती त्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याच उंचीवर कापते. समजा तुम्ही मुलीच्या नजरेतून बघताय, म्हणजे जमिनीपासून साधारण १२५ सेंमी. मग ती रेषा जवळच्या आणि लांबच्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या छातीतून गेली पाहिजे आणि बैलांच्या पाठीच्या जवळपास. आता एक फोटो उभ्यानं, १५५ सेंमीवरून काढलेला आणि दुसरा गुडघ्यावर बसून काढलेला असेल, तर पहिल्यात झुलीचा वरचा भाग दिसतो आणि दुसऱ्यात बैलाचं पोट. दोघांना एका रस्त्यावर उभं केलं की एक घसरलेला आणि एक तरंगलेला दिसणारच. म्हणून प्रत्येक फोटोवर आधी क्षितिज आखा. रस्त्याच्या, भिंतींच्या समांतर कडा वाढवल्या की ती सापडते. ज्याचं क्षितिज जुळत नाही तो फोटो फक्त तपशिलासाठी वापरा, आकारासाठी नको.

अंतर. बैल नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटर धरा. फोनवाला नाकापासून एक मीटरवर उभा राहिला तर मागचं अंग तीन मीटरवर, म्हणजे तोंड मागच्या अंगाच्या तिप्पट मोठं येतं. तोच पाच मीटरवर उभा राहिला तर पाचास सात, फरक जेमतेम दीडपट. म्हणून फोनच्या जवळच्या फोटोत बैल तोंडाळ आणि आखूड दिसतो. स्वतः संदर्भ काढायचा असेल तर पाच-सहा मीटर मागे जा आणि दुप्पट-तिप्पट झूम वापरा. मुलीच्या नजरेचं चित्र असेल तर फोन छातीशी धरा.

उजेड. एका फोटोत कडक ऊन, दुसऱ्यात ढग. उन्हातल्या फोटोतला बैल घेतला की त्याच्या अंगावरच्या धारदार सावल्याही येतात आणि ढगाळ चित्रात त्या ठिगळासारख्या दिसतात. पाऊस उघडल्यावरच्या ढगाळ दुपारी उजेड सगळ्या आभाळातून येतो. पाठ, कपाळ, वशिंडाचा माथा उजळ. पोटाखाली, गळ्याच्या लोंबत्या कातडीखाली हळूहळू गडद. जमिनीवर धारदार सावली नाहीच, फक्त खुरांच्या अगदी बुडाशी एक अरुंद गडद रेघ. ती रेघ विसरलात तर बैल हवेत.

यावर एक साधा उपाय आहे. मातीचा किंवा पिठाचा बोटभर बैल करा, सुबक नसला तरी चालेल, खिडकीपाशी ठेवा, ढगाळ दिवशी बघा. उजेडाची सगळी उत्तरं त्या गोळ्यात मिळतात.

पाटीपेन्सिल
पोळ्याला मातीचे बैल बाजारात मिळतातच की. एक जोडी आणून टेबलावर ठेवली की काम झालं.

शाईवाला
तिरकी_नजर, मस्त. आता नक्कल कुठे सुरू होते त्याबद्दल. माझी कसोटी अशी: फोटोतला बैल तुम्हाला वळवता आला पाहिजे. छातीचा पिंजरा एक पिंप, कंबर एक खोका, मान त्या दोघांना जोडणारी पाचर. असं काढा आणि मग फोटो झाकून तोच बैल तीस अंशांनी फिरवून काढा. जमलं तर तुम्ही बैल शिकलात. नाही जमलं तर फक्त कडेची रेघ शिकलात, आणि ती रेघ फोटोवाल्याची आहे.

पायांत सगळ्यांचीच गडबड होते. पुढच्या पायाचा जो गुडघा वाटतो ते मनगट आहे, मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा ही टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या कातडीत लपलेला. सावकाश चालताना क्रम असा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. कायम दोन किंवा तीन खूर जमिनीवर. समोरासमोरचे तिरके दोन पाय एकदम उचललेले दाखवले की तो बैल धावायला लागतो. आणखी एक: कान शिंगांच्या खाली आणि मागे. शिंगाच्या पुढे कान काढला की हरीण होतं.

सहजच
एवढी उठाठेव कशाला? मुलांच्या गोष्टीतलं चित्र आहे. चांगला फोटो घ्यायचा, खाली दिवा लावून गिरवायचा, रंगवायचा. कोण विचारायला येणार आहे?

कागदपत्र
सहजच, बैल गेला नि झोपा केला, अशी वेळ येऊ नये म्हणून हे आधीच लिहिते.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही स्वतंत्र कलाकृती आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो. माध्यम बदललं, म्हणजे फोटोचं जलरंग केलं, म्हणून हक्क संपत नाही. "बैल मान वर करून चालतोय" ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. पण तीच चौकट, तोच कोन, तोच उजेड, तीच मानेची लकब असं सगळं एकत्र उचललं तर ते फोटोवाल्याचं काम आहे.

अमेरिकेतली दोन उदाहरणं चित्रकारांनी लक्षात ठेवावीत. २००८ चं ओबामांचं प्रसिद्ध भित्तिपत्रक (पोस्टर) एका वृत्तसंस्थेच्या फोटोवरून केलेलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली. दुसरं, गायक प्रिन्सच्या फोटोवरून अँडी वॉरहॉलनं केलेली चित्रं. मासिकाला ती वापरू देण्याच्या प्रश्नावर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण "माझी शैली वेगळी" एवढंच सांगून सुटका होत नाही हे तिथे दिसलं.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे फोटो वापरताना परवान्याची अक्षरं वाचा. मानधनाचं काम असेल तर "एनसी" असलेला नको, कारण तो विनाव्यावसायिक वापरापुरता. "एनडी" असेल तर बदल करून केलेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही. "बीवाय" असेल तर नाव द्यावं लागतं, आणि "एसए" असेल तर तुमचं चित्रही त्याच परवान्यात द्यावं लागतं, जे प्रकाशकाला सहसा चालत नाही.

जुन्या चित्रांचं सोपं गणित: म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, म्हणून त्यांचं काम २००५ पासून हक्कमुक्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पोशाख, लुगड्याचे काष्टे, पागोटी बघायला त्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. सार्वजनिक जागी कायमची बसवलेली शिल्पं आणि इमारती यांचं चित्र काढायला मात्र आपल्या कायद्याची मुभा आहे, तेव्हा वेशीचा दगडी नंदी बिनधास्त काढा.

आणि सगळ्यात सोपं काम: फोटोवाल्याला विचारा. काय घेणार, कुठे छापणार, किती प्रती, नाव कुठे देणार, हे चार ओळींत लिहा. बरेच जण आनंदानं हो म्हणतात.

ठिपका
एक सावधगिरी. आता शोधात कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या प्रतिमा भरमसाट येतात आणि लहान आकारात त्या खऱ्या वाटतात. मोठ्या करून दोरी तपासा. कासरा कुठून निघतो आणि कुठे पोचतो, ते बोटानं माग काढत बघा. बनावट प्रतिमेत तो मानेत विरघळतो किंवा घुंगरमाळेचाच होऊन जातो. शेंब्या एका शिंगाला आहेत, दुसऱ्याला नाहीत. मागे गाडी असेल तर चाकाचे आरे मोजा, तुंब्यापाशी (मधल्या गाभ्यापाशी) एक आकडा आणि धावेपाशी (बाहेरच्या लोखंडी पट्टीपाशी) दुसराच. शोधताना तारखेची मर्यादा २०२१ अखेरपर्यंत ठेवली तर बराच कचरा गळतो.

मांडवीकाठ
म्हणजे ड्यूररचं जास्तीचं शिंग आता कारखान्यात बनतंय.

रेघाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. खिल्लारचे आणि जू असलेले सगळे फोटो फळ्यावरून काढले, उरले नऊ. चौकटी आखल्यावर रचना अशी ठरली: नजर मुलीच्या उंचीवर, डांगी बैल शिवणीच्या डावीकडे मोठा, मुलगी उजव्या पानावर, दुसरा बैल आजोबांच्या हातात अर्धं अंग मागे. पाटीपेन्सिल, मिरवणुकीची लघुचित्रं बघून मागच्या गर्दीतली फक्त शिंगं आणि बाशिंगं वर डोकावतील असं सुचलं, त्यामुळे मागचे आठ-दहा बैल पूर्ण काढावे लागणार नाहीत. वाद तुमच्या बाजूनं थोडा झुकलाय!

आता दोन अडचणी. मुलगी बैलाला ओढतेय असं वाटतंय, चालवतेय असं नाही. आणि रस्त्यावरच्या डबक्यात बैलाचं प्रतिबिंब हवंय, ते जलरंगात कसं बसवू?

बांधावरची
मुलीला बैलाच्या पुढे नका ठेवू, डोक्याच्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे ठेवा. कासरा सैल, त्याला खाली झोळ हवा. दोरी ताणलेली असली की बैलाचं तोंड वर उचललं जातं, मान लांब होते आणि तो अडून बसलाय असं वाटतं. उरलेल्या दोरीचं वेटोळं तिच्या दुसऱ्या हातात द्या. कासरा मनगटाला गुंडाळलेला मात्र दाखवू नका, बैल बुजला तर हात अडकतो. गावात पोरांना हे आधी शिकवतात.

तिरकी_नजर
प्रतिबिंब खुराच्या टेकलेल्या बिंदूपासून सरळ खाली मोजायचं. वर जेवढं, खाली तेवढंच, तिरकं कधीच नाही. उचललेला पाय असेल तर जमिनीपासून जेवढा वर, तेवढा पाण्यात खाली, मध्ये फट. नजर खाली असल्यानं पाण्यात पोटाची आणि हनुवटीची खालची बाजू दिसेल, झुलीची वरची नाही. छटांचा नियम असा की पांढरा बैल पाण्यात थोडा मळका आणि काळे ठिपके थोडे फिके. डबक्याच्या कडेची माती सुक्या मातीपेक्षा एक छटा गडद.

रंगवताना ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरचं वजन, म्हणजे जाड) कागद घ्या. डबक्याचा भाग आधी स्वच्छ पाण्यानं भिजवा, चमक जाऊन ओल राहिली की आभाळाचा करडा सोडा आणि लगेच बैलाचे रंग उभ्या फटकाऱ्यांनी वरून खाली ओढा. कडा आपोआप मऊ होतात. पूर्ण सुकलं की कोरड्या कुंचल्यानं दोन-तीन आडव्या फिक्या रेघा, तिथेच पाण्याची पातळी दिसते. तीनाच्या पुढे गेलात तर डबक्याची नदी होईल. मूळ कागदावर जाण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर एकदा करून बघा, कारण किती ओल राहू द्यायची ते पावसाळ्यात दर दिवशी बदलतं.